अनाहूत ईमेल रोखण्यासाठी कायदा काय करू शकतो आणि तंत्रज्ञान काय करू शकते?

रानवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या बहुतेकांच्या ईमेल खात्यात स्पॅमचा एक वेगळा कप्पा असतो आणि आपण तो महिनोन्‌महिने उघडून पाहत नाही. त्यामुळे हा प्रश्न सुटला आहे असा समज पसरला आहे. मी बरीच वर्षे मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो आणि माझे मत असे आहे की प्रश्न सुटलेला नाही, तो वाचणाऱ्याच्या नजरेआड गेला आहे एवढेच. नको असलेली मेल पाठवणाऱ्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. ती स्वीकारणे, तपासणे, साठवणे आणि बाजूला काढणे हा सगळा भार मात्र ज्याने ती मागितलीच नव्हती त्याच्यावर पडतो. हा अन्याय दूर करण्याचे प्रयत्न जगभर कसे झाले, त्यांतले कोणते टिकले आणि भारतात आपण कुठे उभे आहोत, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ही अडचण पुष्कळ आधी ओळखली गेली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे इंटरनेट हे नावही रूढ नव्हते तेव्हा, जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञांनी आरएफसी ७०६ या तांत्रिक टिपणात लिहून ठेवले की नको असलेला संदेश नाकारण्याची कोणतीही सोय स्वीकारणाऱ्या संगणकाकडे नाही आणि ती असायला हवी. पुढे मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना पाठवली. ते जाळे अमेरिकी संरक्षण खात्याचे होते, त्यामुळे तिथून समज मिळाली आणि विषय तेवढ्यावर मिटला. वापरणारे मोजके आणि एकमेकांना ओळखणारे होते, म्हणून समज पुरेशी ठरली.

१९८२ मध्ये पोस्टेल यांनीच एसएमटीपी हा मेल वाहून नेण्याचा नियमसंच लिहिला. त्याच्या मुळाशी हाच परस्परविश्वास होता. पाठवणारा संगणक ‘मी अमुक पत्त्यावरून बोलतो आहे’ असे सांगतो आणि स्वीकारणारा ते खरे धरतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा एक पत्ता, आतल्या कागदावर दुसराच, आणि दोन्ही कुणी पडताळून पाहत नाही, असा तो कारभार होता. आज आपण ज्यासाठी कायदे आणि तंत्रे उभी करतो आहोत, त्यातला मोठा भाग ही एक उणीव भरून काढण्यासाठीच आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडतो. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम तंत्रज्ञानाने करावे आणि स्वीकारणाऱ्याच्या संमतीचे रक्षण कायद्याने करावे. या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे काम करायचा प्रयत्न केला की गडबड होते, आणि त्याची उदाहरणे विपुल आहेत. कायद्याची बाजू जाणणाऱ्यांनी कृपया त्यावर लिहावे.

कलम

रानवारा, अतिशय आवश्यक विषय आहे. मी वकिली करते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची प्रकरणे हाताळते, म्हणून न्यायालयीन बाजू थोडी विस्ताराने मांडते.

स्वतंत्र कायदा नव्हता तेव्हा अमेरिकेतील सेवा कंपन्यांनी एक जुने तत्त्व वापरले. दुसऱ्याच्या चीजवस्तूचा परवानगीविना वापर करून त्याचे नुकसान केले तर ते अतिक्रमण ठरते. मग सर्व्हर ही आमची वस्तू आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९७ मध्ये ओहायोतील संघीय न्यायालयाने कॉम्प्युसर्व्ह विरुद्ध सायबर प्रमोशन्स या खटल्यात तो मान्य केला आणि घाऊक जाहिराती पाठवणाऱ्या, सॅनफर्ड वॉलेस यांच्या सायबर प्रमोशन्सला मेल पाठवण्यास मनाई केली. परंतु २००३ मध्ये इंटेल विरुद्ध हमिदी या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाची मर्यादा दाखवून दिली. हमिदी हे इंटेलचे माजी कर्मचारी होते आणि त्यांनी कंपनीवर टीका करणारी मेल हजारो कर्मचाऱ्यांना पाठवली होती. न्यायालयाने म्हटले की या मेलमुळे संगणक बिघडले नाहीत किंवा मंदावले नाहीत. मजकूर खटकला म्हणून ते वस्तूवरचे अतिक्रमण होत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. पण त्यातून हेही स्पष्ट झाले की मालमत्तेच्या कायद्यावर विसंबून हा प्रश्न सुटणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेने कॅन-स्पॅम कायदा केला. १६ डिसेंबर २००३ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांची स्वाक्षरी झाली आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. पाठवणाऱ्याने खोटे हेडर (मेलच्या माथ्यावरची पाठवणाऱ्याची आणि मार्गाची माहिती) वापरू नये, विषयाच्या ओळीत दिशाभूल करू नये, आपला खरा टपाली पत्ता द्यावा आणि ‘मला मेल नको’ असे कुणी कळवल्यास कामकाजाच्या १० दिवसांत ते मान्य करावे, अशी त्याची मुख्य कलमे आहेत. नीट पाहिले तर ध्यानात येईल की यात पाठवण्यापूर्वी संमती घेण्याची अटच नाही. पहिली मेल पाठवण्याचा हक्क व्यापाऱ्याला आपोआप मिळतो आणि नको म्हणण्याचे कष्ट नागरिकाने घ्यायचे. खोटे न बोलता कोट्यवधी अनाहूत मेल पाठवणे या कायद्याने वैध ठरले.

याहून गंभीर बाब अशी की कॅलिफोर्निया राज्याने २००३ मध्येच पूर्वसंमती सक्तीची करणारा, आणि सामान्य माणसाला स्वतः दावा लावण्याची मुभा देणारा कडक कायदा केला होता. तो अमलात येण्याच्या बेतात असतानाच संघीय कायद्याने राज्यांचे असे नियम निष्प्रभ केले. राज्यांकडे केवळ फसवणूक आणि खोटेपणा यांविषयीचे नियम उरले. कॅन-स्पॅमखाली संघीय व्यापार आयोग, राज्यांचे महाधिवक्ते आणि इंटरनेट सेवा कंपन्या दावा करू शकतात, मेल ज्याच्या खात्यात येते तो माणूस करू शकत नाही. दंडाची तरतूद आज एकेका मेलमागे ५० हजार डॉलरपेक्षा अधिक आहे, पण ती वापरणाऱ्यांची संख्या मोजकी असेल तर तिचा धाक कितपत राहणार?

युरोपने उलट मार्ग घेतला. युरोपीय संघाच्या २००२ च्या गोपनीयताविषयक निर्देशातील १३ व्या अनुच्छेदाप्रमाणे व्यक्तीला जाहिरातीची मेल पाठवण्यापूर्वी तिची संमती घ्यावी लागते. आपल्या विद्यमान ग्राहकाला तशाच प्रकारच्या वस्तूंची माहिती पाठवण्याची मर्यादित सवलत आहे, तीही प्रत्येक वेळी नकार देण्याची सोय ठेवून. माझ्या मते तत्त्व म्हणून हेच बरोबर आहे.

आता भारताविषयी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला तेव्हा त्यात अनाहूत मेलचा विचार नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने ६६अ हे कलम आले. त्याच्या तिसऱ्या उपकलमात त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा संदेशाच्या उगमाविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठवलेल्या ईमेलला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. उगमाविषयीची दिशाभूल हा स्पॅमचा गाभा असल्यामुळे भारतातील स्पॅमविरोधी तरतूद म्हणून त्याकडे बोट दाखवले जात असे. प्रत्यक्षात हे कलम कुणाविरुद्ध वापरले गेले ते आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण ६६अ घटनाबाह्य ठरवले. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ यांसारखे मोघम शब्द फौजदारी कायद्यात असता कामा नयेत हा निकाल स्वागतार्ह होता. मात्र कलम गेले तेव्हा उगमाविषयीच्या दिशाभुलीचा भागही त्याबरोबर गेला, आणि ती रिकामी जागा संसदेने आजवर भरलेली नाही.

अमेरिकेतही असेच एक प्रकरण घडले, ते येथे नोंदवणे आवश्यक आहे. जेरेमी जेन्स यांना व्हर्जिनिया राज्याच्या स्पॅमविरोधी कायद्याखाली ९ वर्षांची शिक्षा झाली होती. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, कारण तो व्यापारी मेलपुरता मर्यादित नव्हता आणि त्यामुळे नाव लपवून केलेल्या राजकीय वा धार्मिक लेखनालाही गुन्हा ठरवत होता. आरोपी खरोखरच प्रचंड प्रमाणावर स्पॅम पाठवत होता, तरी शब्दरचना सैल असल्याने सुटला. पालघरनंतर आपल्याला वेगळा धडा शोधण्याची गरज नाही: कायदा व्यापारी संदेशापुरता आणि दिवाणी दंडापुरता असावा.

नदीकाठ

दोन्ही प्रतिसाद वाचून बराच उलगडा झाला. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि तांत्रिक ज्ञान बेताचे आहे, म्हणून दोन शंका विचारतो. फोनसाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करून जाहिराती बंद करता येतात. तशीच एक राष्ट्रीय नोंदवही ईमेलसाठी का करत नाहीत? दुसरे असे की बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट मेलमुळे माझ्या ओळखीच्या ज्येष्ठांचे पैसे गेले आहेत. ‘पाठवणाऱ्याची ओळख तंत्रज्ञानाने पटवावी’ असे रानवारा म्हणतात, ती नेमकी कशी पटवतात?

रानवारा

नदीकाठ, तुमची पहिली शंका अमेरिकेच्या संसदेलाही आली होती. कॅन-स्पॅम कायद्यातच अशा नोंदवहीचा अभ्यास करण्याचा आदेश होता. जून २००४ मध्ये संघीय व्यापार आयोगाने उत्तर दिले की अशी नोंदवही करू नये. त्याचे कारण पटण्यासारखे आहे. फोन कंपन्या मोजक्या असतात, त्यांना सरकारी परवाना लागतो आणि फोन कुठून आला हे त्यांना ठाऊक असते. ईमेल कुणीही, कोणत्याही देशातून, स्वतःचा सर्व्हर मांडून पाठवू शकतो. अशा स्थितीत कोट्यवधी चालू पत्त्यांची यादी तयार केली आणि ती चुकीच्या हाती पडली, तर स्पॅम पाठवणाऱ्यांना आयते घबाड मिळेल. आधी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था उभी करा, मग बाकीचे बघू, असे आयोगाने सुचवले.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ च्या नियमावलीने एसएमएससाठी जी व्यवस्था आणली ती याच तर्काशी जुळते. व्यवसायाला आपले नाव, संदेशाचा हेडर (म्हणजे एसएमएसवर दिसणारे पाठवणाऱ्याचे संक्षिप्त नाव) आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर संदेश अडवला जाणे अपेक्षित असते. ती व्यवस्था निर्दोष नाही, पण ती शक्य झाली कारण प्रत्येक एसएमएस परवानाधारक कंपनीच्या दारातूनच जातो. ईमेलला असे दार नाही, आणि ते असू नये असेच मी म्हणेन, कारण कुणाचीही परवानगी न घेता एकमेकांना लिहिता येणे हे ईमेलचे मोठे बळ आहे.

आता दुसरी शंका. ओळख पटवण्यासाठी तीन तंत्रे एकमेकांवर उभी आहेत. पहिले एसपीएफ. यात डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाचा, मालक डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर करतो की माझ्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार या या सर्व्हरना आहे. स्वीकारणारा सर्व्हर ती यादी पाहतो. यातली अडचण अशी की तुमच्या जुन्या पत्त्यावरची मेल नव्या पत्त्यावर आपोआप पुढे जात असेल, तर मधला सर्व्हर त्या यादीत नसतो आणि खरी मेलही संशयित ठरते. दुसरे डीकेआयएम. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक पद्धत एकत्र करून २००७ मध्ये ते प्रमाण झाले. पाठवणारा सर्व्हर मजकुरावर आणि काही हेडरांवर गुप्त किल्लीने अंकीय सही करतो, आणि तिची उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. मजकुरात वाटेत बदल झाला तर सही जुळत नाही.

परंतु ही दोन्ही तंत्रे उत्तीर्ण होऊनही वाचणाऱ्याला पडद्यावर दिसणारे ‘प्रेषक’ हे नाव खोटे असू शकत होते, कारण तपासले जाणारे डोमेन एक आणि दिसणारे दुसरे. ती फट डीमार्कने बुजवली. २०१२ मध्ये ते जाहीर झाले. तपासलेले डोमेन आणि दिसणारे डोमेन जुळले पाहिजे, न जुळल्यास काय करावे हे डोमेनच्या मालकाने आधी सांगून ठेवायचे: नुसती नोंद घ्या, स्पॅममध्ये टाका किंवा सरळ नाकारा. शिवाय आपल्या नावाने कोण कुठून मेल पाठवतो आहे याचे अहवाल मालकाला मिळतात. बँकेने ‘नाकारा’ हे धोरण लावले आणि स्वीकारणाऱ्याने ते पाळले, तर तिच्या नेमक्या डोमेनचे सोंग घेणे अवघड होते.

हे सहज घडले नाही. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पेटंटवरून वाद झाला आणि एकच सर्वमान्य पद्धत ठरवण्यासाठी नेमलेला इंटरनेट अभियंत्यांचा कार्यगट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बरखास्त करावा लागला. बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये डाव्होस येथे सांगितले होते की दोन वर्षांत स्पॅम इतिहासजमा होईल; ज्या काळात उद्योगांनी एकत्र यायला हवे होते, तो काळ मालकीहक्काच्या भांडणात गेला याचे मला आजही वाईट वाटते.

साधी_गणिते

ओळखीचे महत्त्व मान्य आहे, पण प्रत्यक्षात आपला मेलबॉक्स वाचवला तो मजकूर तपासणाऱ्या फिल्टरांनी, हे विसरू नये. सुरुवातीचे फिल्टर हाताने लिहिलेल्या नियमांवर चालत. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक निबंध लिहून संभाव्यतेची पद्धत लोकप्रिय केली. तशी कल्पना संशोधकांनी १९९८ मध्येच मांडली होती. प्रत्येक शब्द चांगल्या मेलमध्ये किती वेळा येतो आणि स्पॅममध्ये किती वेळा येतो हे मोजायचे आणि बेजच्या सूत्राने संपूर्ण मेलविषयी अंदाज बांधायचा. फिल्टर ज्याच्या मेलवर शिकतो त्याच्यासाठी तो नेमका बनतो, ही त्यातली खरी खुबी होती. डॉक्टरच्या मेलमध्ये औषधाचे नाव संशयास्पद नसते. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याच्या फिल्टरला देवनागरी शब्द हे जवळपास निर्दोषतेचे प्रमाणपत्र वाटत असत. पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांनी मजकूर चित्रात दडवला, शब्दांची मोडतोड केली, निरुपद्रवी परिच्छेद जोडले, आणि फिल्टरांनी त्यावरही मात केली. ही स्पर्धा अजून चालू आहे.

मात्र मला आर्थिक बाजूवर अधिक बोलायचे आहे. रानवारा यांनी खर्चाचा मुद्दा मांडला, त्यावर प्रत्यक्ष मोजमाप झालेले आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या बॉटनेटच्या, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या, यंत्रणेत शिरून त्याच्या स्पॅमचा माग घेतला. औषधांच्या जाहिरातीच्या सुमारे ३५ कोटी मेलमागे, २६ दिवसांत, विक्रीपर्यंत पोहोचलेले ग्राहक निघाले २८. एवढ्या क्षुल्लक प्रतिसादावरही धंदा चालतो, कारण मेल पाठवणारे संगणक आणि त्यांची वीज दुसऱ्याची असते. याच कारणामुळे प्रत्येक मेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडे गणित सोडवायला लावावे ही सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांची १९९२ ची कल्पना, आणि पुढे १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी तिला दिलेले हॅशकॅश हे रूप, ईमेलमध्ये रुजले नाही. गणिताचा भार चोरलेल्या संगणकांवर पडतो, चोरावर पडत नाही.

मग आघात कुठे करायचा? ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली आणि जगभरातील स्पॅम एका दिवसात निम्म्याहून अधिक घटला. बॉटनेट चालवणारे नियंत्रक संगणक तिथे होते. काही महिन्यांत प्रमाण पुन्हा चढले, कारण नियंत्रक दुसरीकडे हलवता येतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अधिक नाजूक जागा दाखवली. संशोधकांनी स्पॅममधून जाहिरात होणाऱ्या वस्तू स्वतः विकत घेतल्या आणि पैसे कुठे जातात ते पाहिले. औषधे, बनावट घड्याळे आणि सॉफ्टवेअर यांच्या स्पॅमपैकी ९५ टक्के व्यवहार अवघ्या काही बँकांमधून होत होते. सर्व्हर बदलायला तास लागतो; कार्डाचे पैसे स्वीकारणारी नवी बँक शोधायला आठवडे किंवा महिने लागतात. त्यानंतर नाममुद्रांच्या मालकांनी आणि कार्ड कंपन्यांनी त्या खात्यांवर कारवाई सुरू केली तेव्हा अनेक विक्रेत्यांचा धंदा खरोखर बसला. कायद्याने मेलच्या मजकुराचा पाठलाग करण्याऐवजी पैशाच्या वाटेचा पाठलाग करावा, असे मला ठामपणे वाटते.

मेपलछाया

मी टोरांटोजवळ राहते आणि येथील मराठी मंडळाच्या कामात असते, म्हणून कॅनडाच्या कायद्याचा अनुभव सांगते. येथील अनाहूत ईमेलविरोधी कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि तो पूर्वसंमतीवर उभा आहे. कंपनीला एका उल्लंघनासाठी १ कोटी डॉलरपर्यंत आणि व्यक्तीला १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. संमती स्पष्ट असेल तर ती मागे घेईपर्यंत टिकते. गृहीत धरलेल्या संमतीला मात्र मुदत असते: कुणी खरेदी केली असेल तर दोन वर्षे, नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने. मंडळासारख्या संस्थेचे सदस्यत्व संपल्यानंतरही दोन वर्षे संमती गृहीत धरता येते, त्यानंतर नाही.

याचा आमच्यावर थेट परिणाम झाला. गणेशोत्सवाची तारीख कळवणे ही एक गोष्ट आणि नाटकाच्या तिकिटांची विक्री किंवा प्रायोजकाची जाहिरात असलेली मेल ही दुसरी. दुसऱ्या प्रकारासाठी यादीतील प्रत्येकाची संमती कधी आणि कशी मिळाली हे दाखवता आले पाहिजे, कारण पुराव्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. वर्षानुवर्षे एकातून दुसऱ्या कार्यकारिणीकडे आलेली पत्त्यांची जुनी वही त्यामुळे बाजूला ठेवून सर्वांना नव्याने विचारावे लागले. यादी लहान झाली, पण आता ज्यांना मेल जाते ते ती वाचतात. कायदा स्वयंसेवी संस्थांना जाचक होतो असे येथे अनेकजण म्हणतात. मला तो जाच वाटत नाही, सभ्यता वाटते.

एक उणीवही सांगते. नागरिकाला स्वतः दावा लावण्याचा अधिकार १ जुलै २०१७ पासून मिळणार होता. उद्योगांच्या विरोधानंतर सरकारने ती तरतूद अमलात येण्याआधीच स्थगित केली. म्हणजे कलम यांनी अमेरिकेविषयी जे सांगितले, ते वेगळ्या वाटेने येथेही झाले.

वाळूघड्याळ

चर्चेत एका बाजूवर अजून कुणी लिहिले नाही, ती मांडतो. मी एका लहान शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. आम्ही भाड्याने घेतलेल्या आयपी पत्त्याच्या (इंटरनेटवरील संगणकाच्या क्रमांकाच्या) शेजारच्या पत्त्यांवरून कुणी स्पॅम पाठवला, त्यामुळे संपूर्ण पट्टाच स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या एका काळ्या यादीत गेला आणि आमच्या प्रवेशाची पत्रे पालकांपर्यंत पोहोचेनात. आमचा दोष काय, हे विचारायलाही माणूस सापडत नव्हता. लहान संस्थांचे हे नेहमीचे दुखणे आहे, आणि अखेरीस त्या कंटाळून आपली मेल एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवतात.

काळ्या याद्यांची गरज मी नाकारत नाही. पॉल व्हिक्सी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिली यादी सुरू केली आणि १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस स्थापन केले, तेव्हा कायदा जवळपास कुठेच नव्हता. स्पॅमहाउसने यादीत टाकले म्हणून ई३६० या जाहिरात कंपनीने इलिनॉयमध्ये दावा लावला. स्पॅमहाउसने तेथील न्यायालयाचे अधिकारक्षेत्रच मानले नाही, त्यामुळे २००६ मध्ये एकतर्फी निकाल लागून १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली. ती २०१० मध्ये २७,००२ डॉलरवर आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ३ डॉलरवर आणून ठेवली. यादी करणाऱ्यांना असे संरक्षण हवेच. परंतु ज्यांच्या निर्णयावर दुसऱ्याचा पत्रव्यवहार अवलंबून आहे, त्यांनी कारण सांगावे आणि दाद मागण्याची वाट ठेवावी, एवढी अपेक्षा न्याय्य आहे.

ओळखीच्या तंत्रांनीही निरपराधांना फटका बसतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने, आणि पाठोपाठ एओएलने, ‘नाकारा’ हे डीमार्क धोरण आपल्या सामान्य वापरकर्त्यांच्या पत्त्यांना लावले. चर्चागटांचे सर्व्हर विषयाच्या ओळीत गटाचे नाव आणि शेवटी तळटीप जोडतात, त्यामुळे मूळ सही मोडते. परिणामी याहूच्या सदस्याने गटावर लिहिलेले पत्र इतरांकडे नाकारले जाऊ लागले, आणि वारंवार नकार येतो म्हणून गटाच्या सॉफ्टवेअरने पत्र स्वीकारू न शकलेल्या इतर सदस्यांनाच यादीतून काढले. जगभरातील जुने, स्वयंसेवकांनी चालवलेले गट त्यात मोडकळीला आले.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना अटी घातल्या आहेत. जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लावले पाहिजेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी आणि स्पॅम म्हणून येणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. नावे काढण्याची मुदत दोन दिवस आहे; कॅन-स्पॅममध्ये ती कामकाजाचे १० दिवस आहे. या अटी चांगल्या आहेत, मी त्या मनापासून पाळतो. पण लोकनियुक्त संसदेने वीस वर्षांत जे केले नाही ते दोन कंपन्यांनी एका घोषणेने केले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. आज नियम चांगला आहे. उद्या तो वाईट झाला तर आपण कुणाकडे जाणार?

कलम

वाळूघड्याळ यांचा शेवटचा प्रश्न हाच कायद्याची गरज सिद्ध करतो. भारतात सध्या काय उपलब्ध आहे ते सांगते.

फसवणुकीच्या मेलसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड हे कलम आहे: संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. त्याआधी मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅसकॉम (सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना) विरुद्ध अजय सूद या प्रकरणात, विशेष कायदा नसतानाही, दुसऱ्या संस्थेच्या नावाने मेल पाठवून माहिती उकळणे बेकायदेशीर ठरवले होते. नॅसकॉमच्या नावाने मेल पाठवणाऱ्या भरती संस्थेने १६ लाख रुपये देऊन तडजोड केली. साध्या, न फसवणाऱ्या पण नको असलेल्या जाहिरातीच्या मेलविषयी मात्र आपल्याकडे थेट तरतूद नाही.

अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ कडून अनेकांना आशा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ईमेल पत्ता ही व्यक्तिगत विदा आहे, तिच्या वापरासाठी स्पष्ट संमती लागेल, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, हे फार चांगले आहे. पण दोन त्रुटी मला टोचतात. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली विदा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. एखाद्या लेखकाने वाचकांसाठी आपला पत्ता संकेतस्थळावर दिला, आणि तो तिथून उचलून कुणी जाहिरातींच्या यादीत घातला, तर हा कायदा त्याच्या मदतीला येईल असे दिसत नाही. दुसरी त्रुटी अशी की दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याला त्रास झाला त्याला भरपाई नाही. उलट उथळ तक्रार केल्यास तक्रारदारालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून स्वतंत्र तरतूद हवी असे माझे मत आहे. ती व्यापारी संदेशापुरती असावी, तीत पूर्वसंमती अनिवार्य असावी, पत्ता कुठून मिळाला हे सांगण्याचे बंधन पाठवणाऱ्यावर असावे, शिक्षा दिवाणी दंडाची असावी, आणि ग्राहक आयोगाकडे नागरिकाला स्वतः जाता यावे. साधी_गणिते यांच्या मुद्द्यानुसार, ज्याच्या वस्तूची जाहिरात झाली आणि ज्याला पैसे मिळाले त्यालाही जबाबदार धरावे. ‘मेल आमच्या एजंटाने पाठवली’ हा बचाव चालू नये.

रानवारा

कलम यांच्या मसुद्याला माझा पाठिंबा आहे. त्यात एक भर सुचवतो: संमतीची नोंद जपण्याची जबाबदारी कॅनडाप्रमाणे पाठवणाऱ्यावर असावी, पण वाळूघड्याळ यांच्यासारख्या लहान संस्थांसाठी नोंदीचा नमुना साधा ठेवावा. मोठ्या मेल सेवा कंपन्यांनी मेल नाकारली तर कारणाचा संकेत आणि दाद मागण्यासाठी मुदतबद्ध उत्तर द्यावे, हेही त्यात यावे.

नदीकाठ, तुमच्या ज्येष्ठ मित्रांसाठी व्यवहारातली माहिती देतो. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर ‘मूळ संदेश दाखवा’ असा पर्याय असतो. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल डोमेनच्या नावासह दिसतात. तिन्ही उत्तीर्ण असले तरी मेल त्या डोमेनवरून आली एवढेच सिद्ध होते. बँकेशी मिळतेजुळते दुसरे डोमेन घेऊन भामटाही तिन्ही नीट लावू शकतो. म्हणून डोमेनचा शेवट पाहावा. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, नागरी सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्यास सांगितले होते, आणि ते डोमेन हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था केवळ बँकांनाच देते. आपल्या गावोगावच्या पतसंस्था बँक नसल्यामुळे त्यात येत नाहीत. त्यांच्या नावाने आलेल्या मेलवरील दुव्याला हात न लावता शाखेत फोन करून विचारावे. पैसे गेलेच तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.

मसुदा ज्यांना तपासायचा आहे त्यांनी याच धाग्यावर दुरुस्त्या लिहाव्यात. कलम यांनी व्यापारी संदेशाची व्याख्या आधी लिहून दिली तर बरे होईल, कारण मंडळाच्या तिकिटांची मेल आणि बिलाची पावती यांतला भेद तिथेच ठरणार आहे.